आधी सेल बघा, मग टॉर्च

वीज गेली की घरातलं कोणीतरी हमखास ओरडतं, "अरे, जरा बॅटरी मार इकडे!" हवा असतो टॉर्च, पण तोंडी येतं बॅटरी. विजेरी हा चांगला शब्द असूनही बोलण्यात बॅटरीच रुळली. मला ही सरमिसळ अगदी योग्य वाटते. उजेड किती पडणार, किती वेळ टिकणार, वस्तू किती वर्षं चालणार आणि ती हातात धरायला सुरक्षित आहे का, हे सगळं टॉर्चच्या पोटातला सेलच ठरवतो.

खरेदी मात्र आपण उलट्या बाजूने करतो. खोक्यावर मोठ्या अक्षरांत '१०,००० लुमेन', त्याखाली '९,९०० एमएएच', कोपऱ्यात '१ किलोमीटर झोत'. घरी आणल्यावर पहिली दोन मिनिटं डोळे दिपतात, मग उजेड उतरू लागतो. सहा महिन्यांनी खरी गरज पडते तेव्हा खटका दाबला तर काजव्याएवढा ठिपका. मग आपण म्हणतो, टॉर्च खराब निघाला. बहुतेक वेळा खोक्यावरचे आकडेच अशक्य असतात, आणि ते अशक्य आहेत हे घेण्याआधी कळू शकतं. त्यासाठी शाळेतला गुणाकार-भागाकार पुरतो.

लुमेन आणि कँडेला: पाणी किती आणि धार किती

झाडांना पाणी घालायची नळी डोळ्यांसमोर आणा. नळीतून मिनिटाला जेवढं पाणी येतं, ते झालं लुमेन: टॉर्चमधून बाहेर पडणारा एकूण प्रकाश. आता नळीच्या तोंडाशी अंगठा दाबून धरा. पाणी तेवढंच आहे, पण धार लांब जाते. ही धार म्हणजे कँडेला, म्हणजे एका दिशेत प्रकाश किती एकवटला आहे त्याचं माप. टॉर्चमध्ये अंगठ्याचं काम काचेमागची चकचकीत वाटी करते. ती खोल आणि गुळगुळीत असेल तर झोत दूर जातो. उथळ किंवा खरबरीत असेल तर उजेड जवळच, पण ऐसपैस पसरतो.

म्हणून '३०० लुमेन' लिहिलेले दोन टॉर्च अगदी वेगळे वागू शकतात. एक समोरचं झाड उजळतो आणि पायाखालचा खड्डा दाखवत नाही, दुसरा नेमकं उलट करतो. रोजच्या वापरात पायाखालचा खड्डा जास्त महत्त्वाचा असतो. त्यामुळे घरासाठी घ्यायचा असेल तर मी पसरट झोताचाच टॉर्च सुचवतो.

झोताच्या अंतराचा आकडा कसा काढतात हे कळलं की त्याचा रुबाब बराच कमी होतो. २००९ साली अमेरिकेत टॉर्चसाठी एफएल-१ नावाचं मानक आलं आणि चांगले उत्पादक तेच पाळतात. त्यानुसार 'अंतर' म्हणजे जिथे पोचेपर्यंत उजेड ०.२५ लक्स उरतो ती जागा. लक्स हे एखाद्या जागेवर पडणाऱ्या उजेडाचं माप, आणि ०.२५ लक्स म्हणजे साधारण पौर्णिमेचं चांदणं. तिथे काहीतरी हलतंय एवढं कळेल, ते कुत्रं आहे की वासरू हे कळेलच असं नाही. नीट ओळखू येण्याचं अंतर छापील आकड्याच्या निम्मं किंवा तिसरा हिस्सा धरा.

हिशेबही सोपा आहे. कँडेलाचं वर्गमूळ काढा आणि दुप्पट करा, उत्तर मीटरमध्ये येतं. १०,००० कँडेलाचं वर्गमूळ १००, म्हणून अंतर २०० मीटर. १ किलोमीटरसाठी २,५०,००० कँडेला लागतात. ते खास लांब झोताच्या टॉर्चना जमतं, खिशातल्या साध्या टॉर्चला नाही.

आपला डोळासुद्धा सरळ हिशेबाने चालत नाही. उजेड 'दुप्पट' वाटायला लुमेन साधारण चौपट व्हावे लागतात. १,००० आणि १,२०० लुमेनमधला फरक शेजारी शेजारी धरूनही जेमतेम जाणवतो. त्या दोनशे लुमेनसाठी जास्त पैसे मोजू नका. रात्री पाणी प्यायला उठलं तर २-३ लुमेन भरपूर होतात, खोलीत वस्तू शोधायला ५०, अंधाऱ्या वाटेवर चालायला १५० ते ३००. हजारच्या वरचे आकडे मोकळ्या मैदानासाठी. खरं तर टॉर्चची सगळ्यात कमी पायरी किती खाली जाते, हे मी सगळ्यात आधी बघतो. अंधाराला सरावायला डोळ्यांना वीस-तीस मिनिटं लागतात आणि झगझगीत उजेडाने तो सराव क्षणात मोडतो. बाळाकडे किंवा आजारी माणसाकडे रात्री बघायचं असेल तेव्हा ही मंद पायरी फार उपयोगी पडते.

एमएएच हा अर्धाच आकडा

एमएएच म्हणजे मिलिअँपिअर-तास, सेलमध्ये किती वीजभार साठतो त्याचं माप. पाण्याच्या भाषेत टाकीत किती लिटर पाणी आहे ते. पण टाकी जमिनीवर आहे की गच्चीवर, यावर नळाला जोर किती येणार हे ठरतं. ती उंची म्हणजे व्होल्ट. लिटर आणि उंची दोन्ही कळल्याशिवाय टाकी किती काम करेल ते सांगता येत नाही. दोन्हींचा गुणाकार म्हणजे वॅट-तास, आणि खरं माप तेच.

पेन्सिल सेलच्या आकाराचा, म्हणजे 'एए', रिचार्जेबल सेल १.२ व्होल्टचा आणि साधारण २,००० एमएएचचा असतो. १.२ गुणिले २ म्हणजे २.४ वॅट-तास. लिथियमचा '१८६५०' सेल ३.६ व्होल्टचा आणि चांगला असेल तर ३,४०० एमएएचच्या आसपास, म्हणजे सुमारे १२ वॅट-तास. त्याच्याहून थोडा जाड '२१७००' सेल ५,००० एमएएचचा, म्हणजे १८ वॅट-तास. या विचित्र आकड्यांचा अर्थ साधा आहे: १८ मिलिमीटर जाड, ६५ मिलिमीटर लांब, आणि शेवटचा शून्य म्हणजे आकार नळकांड्याचा.

खोक्यावरचे '९,९०० एमएएच' इथेच पकडले जातात. १८६५० मापाच्या नळकांड्यात इतकी वीज मावणारा सेल अस्तित्वातच नाही. नामांकित कंपन्यांचे सेल साधारण ३,५०० पर्यंत जातात, अगदी अलीकडचे मोजके ४,००० च्या आसपास. वजन करून बघा. खरा १८६५० सेल ४५ ते ५० ग्रॅम भरतो. हातात हलका लागणारा, ३० ग्रॅमच्या आसपासचा सेल असेल तर आत माल कमीच भरलेला आहे.

लुमेन-तास: खोक्यावरचे दावे तपासायची पट्टी

आजचा चांगला एलईडी टॉर्च एका वॅटमागे ढोबळमानाने १०० लुमेन बाहेर टाकतो. थोडं वरखाली होतं, पण अंदाजाला हा आकडा पुरेसा आहे. म्हणजे १२ वॅट-तासांच्या सेलकडे एकूण १,२०० 'लुमेन-तास' आहेत. ते कसे खर्चायचे हे आपल्या हातात: १,२०० लुमेन एक तास, ३०० लुमेन चार तास, किंवा ५० लुमेन पूर्ण चोवीस तास.

आता '१,००० लुमेन, ५ तास' हा दावा घ्या. गुणाकार ५,००० लुमेन-तास. सेलमध्ये आहेत १,२००. मग छापणारा सरळ खोटं बोलतो का? नेहमीच नाही. एफएल-१ मानकात लुमेन मोजतात सुरू केल्यावर तिसाव्या सेकंदाला, आणि चालण्याची वेळ मोजतात उजेड त्याच्या दहा टक्क्यांवर येईपर्यंत. म्हणजे १,००० लुमेनचा टॉर्च दोन मिनिटांनी ३०० वर आला, पुढे सव्वाशेवर रेंगाळत राहिला, तरी '५ तास' हे नियमात बसतं. म्हणून उजेड वेळेनुसार कसा उतरतो याचा आलेख उत्पादकाने दिला असेल तर तो आधी बघा. तो देणारा उत्पादक सहसा बाकीचे आकडेही नीट देतो.

'१०,००० लुमेन'ला मात्र अशी कुठलीच पळवाट नाही. त्याला १०० वॅट लागतील. एका १८६५० सेलने ते सगळं जमवलं असं धरलं तरी तो सात मिनिटांत रिकामा होईल, आणि त्या आधी उष्णतेचा प्रश्न उभा राहील.

दोन मिनिटांनी उजेड कमी होतो, तो बिघाड आहे का?

नाही, बहुधा ती सोय आहे. एलईडी थंड असतो असा समज पसरलेला आहे, पण त्याला दिलेल्या विजेचा निम्म्याहून जास्त भाग उष्णता होतो. सोल्डरिंगची साधी सळई २५ वॅटची असते आणि ती धातू वितळवते. मुठीएवढ्या टॉर्चमध्ये तेवढीच उष्णता कोंडली तर हात भाजेल आणि सेलही तापेल. म्हणून आतलं सर्किट तापमान वाढलं की उजेड आपोआप खाली आणतं. जो टॉर्च हे करत नाही आणि तापतच जातो, तो मुलांच्या हातात देऊ नका.

मग घ्यायचा कुठला सेल?

टॉर्च वर्षातून चार-सहा वेळाच लागत असेल, किंवा तो घरातली म्हातारी माणसं आणि मुलं हाताळणार असतील, तर एए मापाचा रिचार्जेबल निकेल-मेटल-हायड्राइड सेल घ्या. तो १.२ व्होल्टचा असला तरी साध्या १.५ व्होल्टच्या सेलच्या जागी बहुतेक टॉर्चमध्ये बिनतक्रार चालतो, आग लागण्याची भीती फार कमी, आणि अडीअडचणीला त्याच टॉर्चमध्ये साधे सेलही घालता येतात. फक्त वेष्टनावर 'लो सेल्फ डिस्चार्ज' किंवा 'रेडी टू यूज' असं लिहिलेलं आहे का बघा. जुन्या पद्धतीचे सेल पडून राहिले तरी काही आठवड्यांत बरेच उतरायचे. २००५ पासून आलेले हे नवे सेल वर्षभरानंतरही बहुतांश चार्ज राखून असतात.

रोज वापर असेल, शेतावर, राखणीला किंवा डोंगरात जाणं असेल, तर लिथियम-आयन १८६५० किंवा २१७००. आणि शक्य असेल तर सेल बाहेर काढता येईल असाच टॉर्च घ्या. सेल तीन-चार वर्षांत थकतो. तो आत डकवलेला असेल तर त्याच्याबरोबर चांगला टॉर्चही टाकून द्यावा लागतो.

तिसरा प्रकार जड, मोठ्या टॉर्चमधल्या चौकोनी लेड-ॲसिड बॅटरीचा. तिचा स्वभाव लिथियमच्या बरोबर उलटा आहे. लिथियम अर्धा भरून ठेवलेला बरा, ही मात्र कायम भरलेली हवी. उतरलेली तशीच पडू दिली तर आतल्या पट्ट्यांवर सल्फेटचे खडे घट्ट बसतात आणि ती पुन्हा नीट चार्ज होत नाही. 'एकदाच वापरला आणि बंद पडला' असे कित्येक टॉर्च याच कारणाने भंगारात जातात.

रिचार्जेबल कशाला? साधे सेल घालून ठेवले की झालं!

माझाही असाच समज होता. अल्कलाइन सेल घालून ठेवलेला एक छान धातूचा टॉर्च मी दीड वर्षांनी उघडायला गेलो, तर मागचं झाकण फिरेना. पकडीने फिरवलं तेव्हा आतून पांढरी, खारट पापुद्र्यासारखी भुकटी पडली. स्प्रिंग खाल्ली गेली होती आणि दुसरा सेल नळीत असा फुगून बसला होता की ठोकूनही निघाला नाही. अल्कलाइन सेलमध्ये पोटॅशियम हायड्रॉक्साइड असतं. सेल जुना झाला, अगदी उतरला की ते गळतं आणि धातू खातं. ते त्वचेला आणि डोळ्यांना वाईट, म्हणून हातमोजे घालूनच साफ करा. ते अल्क असल्यामुळे व्हिनेगरच्या किंवा लिंबाच्या दोन थेंबांनी निवतं, मग कोरड्या फडक्याने पुसून घ्यायचं. साधे सेल वापरायचेच असतील तर टॉर्चच्या शेजारी ठेवा, आत नको. आणि नवा-जुना सेल कधीही जोडीने घालू नका. कमजोर सेल आधी रिकामा होतो, दणकट सेल त्याच्यातून उलटा प्रवाह ढकलत राहतो, आणि गळती तिथूनच सुरू होते.

लिथियमचे सेल पेटतात म्हणे?

पेटू शकतात, आणि ही भीती निराधार नाही. पण ते कशामुळे पेटतात हे ठरावीक आहे आणि त्यातलं बरंचसं आपण टाळू शकतो.

एक १८६५० सेल हातात घेऊन वरचं टोक नीट बघा. मधली बटणासारखी टिकली म्हणजे प्लस. सेलचा सगळा धातूचा डबा, तळापासून वरच्या काठापर्यंत, मायनस आहे. म्हणजे प्लस आणि मायनस सेलच्या दोन टोकांना नसून वरच्याच टोकाला एकमेकांपासून जेमतेम एक-दोन मिलिमीटरवर आहेत. मध्ये फक्त एक चकती आणि बाहेरचं प्लॅस्टिकचं पातळ वेष्टन. ते वेष्टन काठाशी फाटलं आणि टॉर्चमधला धातू तिथे टेकला की थेट शॉर्ट. म्हणून वेष्टनाला चीर दिसली की सेल वापरणं थांबवा. नवं वेष्टन घालून मिळतं, आणि ते काम पाच मिनिटांचं आहे.

दुसरी गोष्ट खिशाची. सुटा सेल किल्ल्या किंवा नाण्यांबरोबर खिशात टाकू नका. किल्ली आडवी पडली की सेल पूर्ण ताकदीने प्रवाह ओततो आणि काही सेकंदांत खिसा पेटू शकतो. प्लॅस्टिकची छोटी डबी हवीच. विमानातही सुटे लिथियम सेल चेक-इन सामानात चालत नाहीत. ते टोकं झाकून हातातल्या बॅगेत न्यायचे असतात, कारण काही झालंच तर तिथे लगेच लक्ष जातं.

घेताना 'प्रोटेक्टेड' सेल घ्या. त्याच्या बुडाशी छोटं सर्किट असतं, ते अतिचार्ज, अतिउतार आणि शॉर्ट झाल्यास प्रवाह तोडतं. त्यामुळे सेल तीन-चार मिलिमीटरने लांब होतो, म्हणून आपल्या टॉर्चमध्ये बसतो का ते आधी पाहा. आणि एए मापाचाच '१४५००' लिथियम सेल साध्या एए टॉर्चमध्ये घालू नका. दिसायला दोन्ही सारखे, पण १४५०० मध्ये व्होल्ट दुपटीहून जास्त. टॉर्चवर ४.२ व्होल्टपर्यंत चालतो असं स्पष्ट लिहिलेलं नसेल तर एलईडी जळू शकतो.

चार्जिंगबद्दल नेहमी विचारलं जाणारं

'पूर्ण उतरवूनच चार्ज करावं' हा जुन्या निकेल-कॅडमियम सेलचा नियम. लिथियमला त्याने नुकसानच होतं. तो ४.२ व्होल्टला भरतो, ३ व्होल्टच्या आसपास रिकामा होतो. २.५ च्याही बराच खाली गेला तर आतलं तांबं विरघळायला लागतं आणि पुढच्या चार्जिंगमध्ये तो आतल्या आत शॉर्ट होऊ शकतो. म्हणून उजेड उतरलेला दिसला की लगेच चार्जिंगला लावा. बराच काळ ठेवायचा असेल तर अर्धा भरून, थंड आणि कोरड्या जागी. अडचणीसाठी हाताशी ठेवलेला टॉर्च मात्र बराचसा भरलेलाच ठेवा आणि दर तीन महिन्यांनी तपासा. त्याने सेलचं आयुष्य थोडं घटेल, पण वेळेला उजेड मिळण्यासाठी एवढं द्यावंच लागतं.

रात्रभर लावलं तर? चांगला चार्जर ४.२ ला थांबतो. तरीही मी जागा असतानाच चार्ज करतो, फरशीवर किंवा स्टीलच्या ताटलीत. गादीवर, उशीजवळ किंवा दाराच्या वाटेत कधीच नाही.

एक कोडं हल्ली बऱ्याच जणांना पडतं: टॉर्चला युएसबी-सीचं भोक आहे, चार्जर फोनचा आहे, तरी चार्ज होत नाही. दोन्ही टोकं सी असलेली केबल लावली की चार्जर समोरच्या वस्तूतला एक छोटा रोधक दिसल्याशिवाय वीज सोडत नाही, आणि स्वस्त टॉर्चमध्ये तो रोधक बसवलेलाच नसतो. एका टोकाला जुनं चपटं युएसबी असलेली केबल लावा, बहुतेक वेळा काम होतं.

फोनचा टॉर्च असताना हे सगळं कशाला?

दाराचं कुलूप उघडायला फोन पुरेसा आहे. पण त्याच्या उजेडाला झोत नाही, पाच-सात मीटरपुढे तो विरून जातो. आणि वीज जाते तेव्हाच फोनचं चार्जिंग निरोपासाठी, मदत मागण्यासाठी राखायचं असतं. पाऊस असेल तर फोन बाहेर काढवत नाही. टॉर्चवर 'आयपीएक्स४' लिहिलं असेल तर तो शिंतोडे सोसतो, 'आयपीएक्स७' म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास. झाकणाच्या आट्यांजवळची रबरी कडी सुकली की हे सगळं रद्द होतं, म्हणून तिला वर्षातून एकदा सिलिकॉन ग्रीसचं बोट लावा.

लुकलुकणारा आणि आपोआप लागणारा टॉर्च

टॉर्च लुकलुकायला लागला की फेकून देऊ नका. दहापैकी बऱ्याच वेळा दोष झाकणाच्या आट्यांवरच्या काळ्या मळाचा असतो. प्रवाह तिथूनच वाहतो. कापसाला थोडं आयसोप्रोपाइल अल्कोहोल लावून आटे, स्प्रिंगचं टोक आणि सेलची दोन्ही टोकं पुसा, झाकण घट्ट फिरवा.

आणि बॅगेत ठेवताना तेच झाकण पाव फेरा सैल करा. बाजूला मऊ बटण असलेला टॉर्च बॅगेत दाबला जाऊन लागतो, कापडाला टेकून तापतो, आणि पोचेपर्यंत रिकामा झालेला असतो. अशा बटणाचं सर्किट टॉर्च बंद असतानाही थोडी थोडी वीज पीत राहतं, सैल झाकणाने तेही थांबतं. सैल केल्यावर एकदा बटण दाबून बघा. उजेड आला नाही तर ठीक. आला तर त्या टॉर्चच्या आट्यांवर प्रवाह अडवणारा मुलामा नाही, मग सेल काढून डबीत ठेवा.